मागच्या भिंतीचा डोळा

हैथम, ती दोन पिंपं आत आणू नकोस, दारातच राहू देत. पाऊस लागला तर लागू दे. पाणी अडवायचं औषध आहे ना ते, मग ते भिजेल कशाला? रूला, तुझ्या नवऱ्याला शेगडीजवळ सरकव. इंजिनिअर लोकांना थंडी जरा जास्तच वाजते.

तर हैथम, माझ्या मागच्या भिंतीची ओल थांबवायला आलायस. तुझा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. पण आधी ती गादी बाजूला कर आणि भिंतीच्या पायाशी बघ. तो एक दगड दिसतो? त्याच्या चारी बाजूंना चुना नाही, सिमेंट नाही, काही नाही. नुसता टेकवलेला आहे. त्याला आम्ही डोळा म्हणतो.

काय म्हणालास? "अम्मो, ओल तर त्यातूनच येते"?

शाब्बास! काकाला हे सांगायला कॉलेजात पाच वर्षं घालवलीस? मी चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच उठून गेले, तरी मला हे ठाऊक होतं. अरे, आपल्या सल्त गावातली घरं डोंगराला पाठ टेकून बसलेली. पुढे खिडकी, मागे डोंगर. पावसाळी थंडीत डोंगर पाणी पितो आणि फुगून भिंतीवर रेलतो. बाहेरून खणून डांबर लावावं म्हटलं तर बाहेर म्हणजे वरच्या घराचं स्वयंपाकघर. खणणार कुठं, त्यांच्या चुलीखाली? म्हणून जुन्या गवंड्यांनी प्रत्येक मागच्या भिंतीला एक डोळा ठेवला. डोंगराला रडायचं असेल तर त्यातून रडेल, जमिनीतल्या पन्हळीतून उंबऱ्याबाहेर जाईल, पायऱ्यांच्या गल्लीत उतरेल. आपापल्या वाट्याचं पाणी ज्यानं त्यानं घ्यायचं आणि सोडून द्यायचं. तू तुझा डोळा बुजवलास तर पाणी काही आभाळात परत जात नाही. ते शेजाऱ्याकडे जातं. म्हणून शेजाऱ्याला विचारल्याशिवाय आमच्यात कुणी डोळा बुजवत नाही.

एकानं बुजवला होता. तेच सांगतो.

हसा, हसा. म्हातारा भुताची गोष्ट सांगायला लागला की तुम्हाला हसू येतं. तुमचीही चूक नाही. लग्नात नवरदेवाच्या कॉफीत मीठ घालणारा मीच. कोरड्या विहिरीत उतरून जिर्यस गवंड्याला त्याच्या मेलेल्या आत्याच्या आवाजात हाका मारणारा मीच. तीन दिवस तो मेणबत्त्या लावत होता. पण ह्या गोष्टीत माझा हात नाही. असता तर मी सांगताना हसलो असतो, तुम्हाला माहीतच आहे.

ऑक्टोबरचे दिवस होते. दुपारी जिर्यस एका साध्या कामाला निघाला. वरच्या आळीतल्या सत्तमनं भिंत बघायला बोलावलं होतं. सत्तमचा मुलगा मशहूर सौदीत दम्मामला नोकरीला; त्याच्या नावावरून सत्तमला सगळे अबू मशहूर, मशहूरचा बाप, म्हणायचे. जानेवारीच्या शेवटी त्याचं लग्न, आणि सत्तमला मागची खोली नवरा-नवरीला द्यायची होती. जिर्यसनं भिंतीला कान लावला, मुठीनं ठोकली, ओलीनं फुटलेला लोणा, ते पांढरं मीठ, बोटावर घेऊन जिभेला लावला. ही त्याची जुनी सवय. त्या मिठाच्या चवीवरून सांगायचा, पाणी पावसाचं आहे की वरच्या घरच्या मोरीचं.

"पावसाचं आहे, अबू मशहूर," तो म्हणाला. "चुन्यात भट्टीची राख कालवून दोन हात देतो. डोळा साफ करतो, पन्हळ खरवडतो. बऱ्यापैकी कोरडी राहील."

"बऱ्यापैकी?" सत्तम म्हणाला. "माझी सून कुवेतमध्ये वाढली आहे. ती बऱ्यापैकी कोरड्या खोलीत झोपणार? मला खणखणीत कोरडी पाहिजे. ते नवं सिमेंटचं औषध मार. आणि तो डोळा बुजव."

"शेजारच्या हज्जे वदहाला विचारलंस?"

तेवढ्यात हज्जे वदहाच दारात उभी. सत्तमनं आधीच मागवलेली सिमेंटची पोती पायऱ्या चढताना बघितली होती तिनं. ऐंशीची बाई, म्हणून मानानं हज्जे, कपाळावर निळं गोंदण, एकटी राहायची. सत्तमची मागची खोली आणि तिची एकुलती एक खोली भिंतीला भिंत लागून. रोज पहाटे ती लाकडी उखळीत कॉफी कुटायची. तिचा एक ठेका होता. टक, टक-टक, टाक. अख्ख्या आळीचं घड्याळ होतं ते. तुझी आई त्याच ठेक्यावर तुला शाळेला उठवायची, रूला.

सत्तमनं तिला बसवलं, कॉफी ओतली. हज्जेनं कप घेतला आणि समोर जमिनीवर ठेवला. प्यायली नाही.

आता हे तुम्हा पोरांना ठाऊक आहे, निदान लग्नाच्या मागणीला बघितलं असेल. पाहुण्यानं कप खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. यजमान 'मंजूर' म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि प्यायला, तर शब्द पक्का. मग घर विका, मुलगा विका, शब्द पाळा.

"बोला हज्जे."

"भिंत सोन्यानं मढव हवी तर," हज्जे म्हणाली. "डोळा बुजवू नकोस. तुझं पाणी माझ्या उशाशी येईल."

"मंजूर, मंजूर! प्या हज्जे. एवढ्याशासाठी गुडघे दुखवत आलात?"

ती प्यायली. 'बस' म्हणून कप हलवून परत दिला आणि गेली.

तिच्या काठीचा आवाज गल्लीत विरला तसा सत्तम जिर्यसला म्हणाला, "हं. बुजव आता."

"अरे, आत्ता शब्द दिलास!"

"म्हातारीला बरं वाटलं ना? झालं तर. आणि तुला भीती कशाची? तुझा आजा राख कालवायचा, बाप राख कालवायचा. तुलाही तेवढंच येत असेल तर सांग, अम्मानहून माणूस आणतो."

माझा जिर्यस तसा भला माणूस. पण त्याच्या कामाला कुणी जुनं म्हटलं की त्याचं डोकं जायचं. त्यानं तो डोळा बुजवला. आधी चुना ठासून, मग औषधाचा एक थर आडवा, एक उभा, वर गुळगुळीत गिलावा. आरशासारखी भिंत केली. मला नंतर म्हणाला, "अबू निम्र, आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं." आणि तोंड असं, की जणू स्वतःच्या घरी चोरी केलीय.

नोव्हेंबरात पाऊस लागला. सत्तमची खोली खणखणीत कोरडी. त्यानं स्वतःचीच खाट तिथं टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीला गाल लावायला सांगायचा. पलीकडे हज्जेच्या खोलीत भिंत वरपासून खालपर्यंत पाझरायला लागली. तिचाही डोळा होता, पण दोन घरांचं पाणी एका डोळ्याला कसं पेलणार? गादी भिजली, पीठ भिजलं, काड्यापेटी पेटेना. मी चार दिवस बादल्या उपसल्या. सत्तमला मात्र काही बोललो नाही. त्याच्या बैठकीतली कॉफी मलाही आवडायची. घ्या, हेही लिहून ठेवा माझ्या नावावर.

ती पुन्हा त्याच्याकडे गेली. त्यानं दार उघडलं नाही, आतून म्हणाला, "बघतो हज्जे, मंजूर, उद्याच बघतो." तेव्हा ती बंद दारापाशी उभी राहून जे बोलली ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तिनं आवाज चढवला नव्हता.

"सत्तम, तुझी कॉफी मी प्यायले. ती मला लाभली नाही. मी ती तुला परत आणून देईन."

आठ डिसेंबर, शुक्रवार. हज्जे वदहा गेली. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं. शेवटचे दोन दिवस तिचा श्वास नुसता घरघर करत होता, बाटलीत फुंकर घातल्यासारखा. तिची उखळी भाच्यानं झरकाला नेली. पहाटेचा ठेका बंद झाला. आळीत सगळे उशिरा उठायला लागले.

हैथम, पाय जवळ घे. डोळ्यावर टेकलायस.

त्यानंतर बरोबर चाळीस दिवसांनी, जानेवारीची सतरा, बुधवार, रात्री दहाला वीस मिनिटं कमी. पाऊस असा की पायऱ्यांवरून नदी वाहत होती. जिर्यस घरी मसूर-सूप पीत होता. फोन वाजला. सत्तम.

"मुअल्लिम, उस्ताद, ये. हत्यारं घेऊन ये."

"ओल आली?"

"भिंतीला नाही आली."

"मग?"

"...ये तू."

जिर्यस छिन्नी, हातोडी, बॅटरी घेऊन चढला. सत्तमची बायको लग्नाच्या खरेदीला अम्मानला लेकीकडे गेलेली, घरात तो एकटा. मागच्या खोलीत खाटेवर बसला होता, अंगावर कोट, कोटावर घोंगडी. शेगडी धडधडून पेटलेली. भिंत कोरडी. जमीन कोरडी. जिर्यसनं घोंगडीला हात लावला.

पिळली तर पाणी निघेल इतकी ओली.

"तीन रात्री झाल्या," सत्तम म्हणाला. त्याच्या बोलण्यात मधेच घरघर होती. "रोज वाळत घालतो. रोज रात्री अशी होते."

"छत गळतंय."

"बघ की छत."

छत कोरडं होतं.

"आणि दुसरं... थांब. आता होईल. ऐक."

दोघं ऐकत बसले. पाऊस. शेगडी. आणि मग भिंतीच्या मागून...

टक. टक-टक. टाक.

जिर्यसला वाटलं, हज्जेच्या खोलीत कुणी राहायला आलं असेल. त्यानं शेजारच्या आडव्या भिंतीला कान लावला. तिथं काही नाही. मग मागच्या भिंतीला लावला.

टक. टक-टक. टाक.

मागच्या भिंतीपलीकडे कोण राहतं? कुणी नाही. डोंगर आहे. माती.

तेव्हा त्यानं मला फोन केला. हो, मला. आणि मी काय केलं? त्याचा थरथरता आवाज ऐकला, "अबू निम्र, भिंतीत हज्जे कॉफी कुटतेय," आणि मला वाटलं, विहिरीतल्या हाकांचा सूड घेतोय पठ्ठ्या! मी खो-खो हसलो. "तिला सांग, मला वेलची जास्त लागते," म्हणालो आणि फोन ठेवला.

फोन ठेवताना पलीकडून त्याचा एकच शब्द ऐकू आला. "वास..."

वेलचीचा वास येत होता खोलीत. ताज्या कुटलेल्या कॉफीचा.

"डोळा उघडतो मी," जिर्यस म्हणाला.

"खबरदार!" सत्तम उठला आणि खोकत पुन्हा बसला. "नऊ दिवसांनी लग्न आहे. भोकं पाडतोस? आणखी एक थर मार. जाड मार. दोन मार!"

"अबू मशहूर, थरानं हे थांबणार नाही. संत खिद्रची शपथ, मी बुजवला, मीच उघडणार. तू मला मारलंस तरी."

त्यानं छिन्नी लावली. आपल्याच आरशासारख्या भिंतीवर पहिला घाव घातला. आत ठेका थांबला.

दुसरा घाव. गिलावा निघाला. तिसरा, चौथा. औषधाचा उभा थर फुटला. मग आडवा. मग चुना. जिर्यस पाय मागे घेऊन बसला होता. अडीच महिन्यांचं पाणी, त्याला वाटलं, तोंडावर येईल.

एक थेंब आला नाही.

आत तो जुना सुटा दगड. त्यानं बोटं घालून ओढला. दगड सहज आला. जणू आतून कुणी ढकलला.

बॅटरी मारली.

पोकळीत कप होता. बिनकानाचा, छोटा. आपला नेहमीचा कॉफीचा कप. काठोकाठ भरलेला.

...आपण पाहुण्याला कधी काठोकाठ देतो? तळाशी दोन घोट देतो. काठोकाठ कुणाला देतात, रूला? बोल ना. ज्याचं तोंड बघायचं नसतं, त्याला.

कपातून वाफ निघत होती.

"बाहेर काढ, मुअल्लिम."

हे सत्तम बोलला नव्हता.

जिर्यसनं कप उचलला. बोटं भाजली. त्यानं तो सत्तमच्या खाटेसमोर जमिनीवर ठेवला. एक थेंब सांडला नाही. 

"तुझी कॉफी, सत्तम. परत आणली."

आवाज डोळ्यातून येत होता. हळू. तोंडात माती असल्यासारखा.

सत्तमची घरघर वाढली. "हज्जे... उघडला डोळा. बघा. उघडला. तुमचं मागणं... झालं."

"ते जुनं मागणं."

पाऊस थांबला होता का? जिर्यस म्हणतो, त्याला ऐकू येईनासा झाला.

"आता दुसरं आहे."

...

"मुअल्लिम, तू जा."

जिर्यस गेला. त्याला दोष द्यायचा तर द्या. उंबऱ्याशी पोचला तेव्हा मागून सत्तम बोलत होता. भरभर. नेहमीसारखा. आयुष्यभर प्रत्येकाला जसं बोलला तसा. काय मागितलं ते ऐकायच्याही आधी...

"मंजूर. मंजूर, हज्जे. मंजूर. प्या."

मग दार आपोआप लागलं.

जिर्यस पहाटेपर्यंत पायऱ्यांवर पावसात बसून होता. बांग झाली तसा माझ्या दाराशी आला. मी दार उघडलं, त्याचं तोंड बघितलं, आणि मला हसू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

आम्ही दोघं वर गेलो. दार ढकललं तर उघडं. शेगडी विझलेली. सत्तम खाटेवर उताणा, तोंड उघडं, डोळे भिंतीकडे. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, छातीत पाणी. लिहू दे, त्याचा कागद आहे. पण आंघोळ घालणाऱ्यांत मी होतो. त्याला कुशीवर वळवलं तेव्हा तोंडातून पाणी आलं. पहिल्यांदा मला वाटलं, थोडं असेल. आम्ही बादली ठेवली. मग दुसरी ठेवली. गार, लालसर, मातीच्या वासाचं. बादल्या उपसायची मला सवय होतीच.

मशहूरचं लग्न उन्हाळ्यात झालं, अम्मानला. ते घर बंद आहे. जिर्यस आता कुठल्याच भिंतीला औषध लावत नाही. राख नि चुना घेऊन फिरतो, बुजलेले डोळे उघडून देतो. कुणी कॉफी विचारली तर उभ्यानंच नाही म्हणतो.

काय हैथम? "अम्मो, छिन्नीनं भिंत फोडली तर मागचं पाणी गेलं कुठं?" तू इंजिनिअर, तू सांग. रात्रभर पाऊस, डोळा सताड उघडा. सकाळी मी त्याच्याखालच्या जमिनीवरून बोट फिरवलं. धूळ लागली.

पण ते जाऊ दे. मला झोप येत नाही ती पाण्यामुळे नाही.

खाटेसमोर तो कप होता, जिर्यसनं ठेवला होता तिथंच. सत्तमचे ओठ मी स्वतः पुसले. त्यांना कॉफीचा वास नव्हता, डाग नव्हता. जमिनीवर सांडल्याची खूण नव्हती. रात्री तो काठोकाठ होता. जिर्यस आजही खिद्रची शपथ घेऊन सांगतो.

सकाळी मी उचलला तेव्हा कप रिकामा होता. प्यायलेला.

आणि उबदार.